आयर्लंड : बटाटा कुजला, पण माणसं कशाने मेली? आणि मग लेखकांनी काय केलं?

मधली_सुट्टी (धागाकर्ता)

आयर्लंडबद्दल आपल्या डोक्यात साधारण दोन गोष्टी पक्क्या असतात. तेही आपल्यासारखेच इंग्रजांच्या टाचेखाली होते, आणि तिथे घराघरात कवी असतात. गेले काही महिने आयरिश इतिहास आणि आयरिश कथा-नाटकं आलटूनपालटून वाचतोय. त्यातून एक तिसरीच गोष्ट मनात बसली आहे. ती मांडतो, मग तुम्ही फाडा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं की स्वातंत्र्यलढ्याचे पोवाडे गाणारे तिथेही ढिगाने झाले, पण त्यांचं जे साहित्य टिकलं ते पोवाडेवाल्यांचं नाही. ते स्वतःच्याच बाजूची उलटतपासणी घेणाऱ्यांचं आहे. आणि ही उलटतपासणी सगळे म्हातारे मेल्यावर सावकाश झाली नाही. रक्त ओलं असतानाच झाली.

दुष्काळापासून सुरुवात करतो, कारण तो वगळला तर पुढचं काही कळत नाही. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले आणि जवळपास तितकेच जहाजात बसून निघून गेले. आज उत्तर आणि दक्षिण आयर्लंड मिळून सत्तर लाखांच्या आसपास माणसं आहेत. म्हणजे पावणेदोनशे वर्षं उलटली तरी त्या बेटाने जुना आकडा गाठलेला नाही. युरोपात असा दुसरा देश शोधून दाखवा.

बटाट्यावर सगळा देश का टांगलेला होता, याचं कारण जमिनीत आहे. जमीनदार बहुतेक इंग्रजी वंशाचे, पुष्कळसे इंग्लंडातच राहणारे. त्यांच्या हाताखाली मक्तेदार, त्यांच्या हाताखाली पोटकुळं. शेवटच्या माणसाच्या वाट्याला एखादा एकर, कधी तेवढाही नाही. तेवढ्या तुकड्यात वर्षभर पोट भरेल असं पीक एकच, बटाटा. त्यातही 'लंपर' नावाची जात: चवीला पाणचट, पण कसल्याही जमिनीत भरघोस येणारी. धडधाकट पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. ओट पिकवला, डुक्कर पाळलं, तर ते विकून खंड भरायचा. घरात ते खायचं नसतं. सुमारे तीस लाख लोक असे निव्वळ बटाट्यावर जगत होते. १८४५ च्या शरदात करपा आला आणि मोठा हिस्सा गेला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळंच पीक गेलं.

पहिल्या वर्षी पंतप्रधान पील याने अमेरिकेतून गुपचूप मका आणवला. लोकांनी शिव्या घालत तो खाल्ला, पण त्या वर्षी भुकेने फार माणसं मेली नाहीत. १८४६ च्या उन्हाळ्यात सरकार बदललं, रसेल आला आणि तिजोरीच्या किल्ल्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याच्या हाती राहिल्या. बाजारात सरकारने हात घालायचा नाही, फुकट खायला घालून लोकांना आळशी करायचं नाही, हे त्याचं तत्त्व. मग रस्त्यांची कामं काढली. मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसं दगड फोडत होती, त्यात बायका-मुलंही. मजुरी उशिरा मिळायची, आणि मिळेपर्यंत भाव पुढे गेलेला असायचा. त्या उन्हाळ्यात सरकारने सूपची केंद्रं उघडली आणि जुलैत दिवसाला तीस लाख लोकांना जेवण मिळालं. म्हणजे जमत होतं! तर ती केंद्रं काही महिन्यांत बंद केली. पुढचा सगळा भार आयर्लंडच्याच गरीब-कायद्यावर टाकला. त्या कायद्यात एक कलम घुसडलं: पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मदत नाही. जमीन सोड, मग खा. जमीनदारांना हेच हवं होतं. घरांची छपरं उतरवून कुळं हाकलली गेली.

ब्रिटनच्या तिजोरीने या सगळ्यावर खर्चले सुमारे ८० लाख पौंड, त्यातले बरेचसे कर्जाऊ. याच देशाने काही वर्षांपूर्वी गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई दिली होती दोन कोटी पौंड.

आणि ट्रेव्हेल्यन? त्याला १८४८ मध्ये 'सर' केलं आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडे पाठवलं.

साहित्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. बोटं दुखली.

सोनचाफा

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली). पाव एकराचं कलम माहीत नव्हतं, वाचून पोटात गोळा आला.

खडूस_मास्तर

धागा चांगला, पण दोन ठिकाणी थांबवतो.

एक. लोक मरत होते आणि बंदरातून धान्य इंग्लंडला जात होतं, हे चित्र आता कोणीतरी रंगवणारच, म्हणून आधीच सांगतो. धान्य जात होतं हे खरं. लोणी, गुरं, डुकरं जात होती, शिपायांच्या पहाऱ्यात जात होती. पण १८४७ मध्ये बाहेरून आलेलं धान्य बाहेर गेलेल्या धान्याहून कितीतरी जास्त होतं. घात झाला तो मधल्या हिवाळ्यात. १८४६ चं पीक गेलं, मका अजून समुद्रात होता, आणि त्याच महिन्यांत निर्यात चालू होती. तेव्हा बंदरं बंद केली असती तर हाताशी काही आलं असतं. त्यातही खरं दुखणं असं की बाजारात असलेलं धान्य घ्यायला खिशात पैसा नव्हता. आपल्याकडचे दुष्काळ ज्यांनी अभ्यासलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन. 'करपा देवाने पाठवला, दुष्काळ इंग्रजांनी घडवला' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते जॉन मिचेलचं. हा जहाल राष्ट्रवादी, काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेला, तिथून निसटून अमेरिकेत गेला. तिथे त्याने काय केलं? गुलामगिरीचं उघड समर्थन. त्याची मुलं यादवी युद्धात दक्षिणेकडून लढली. तेव्हा सोसलेला माणूस आपोआप दुसऱ्याचं सोसणं ओळखतो, या भाबडेपणातून आधी बाहेर या.

रानजाई

मास्तर, मिचेल खरा, पण तेवढाच खरा असं नाही. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी आयर्लंडसाठी वर्गणी काढली होती, १७० डॉलर. त्यांना स्वतःला त्यांच्या भूमीतून हाकलून सोळा-सतरा वर्षंच झाली होती आणि वाटेत त्यांची हजारो माणसं मेली होती. कलकत्त्यातूनही निधी गेला. त्यात कंपनीचे गोरे अधिकारी होते, आयरिश शिपाई होते आणि हिंदी श्रीमंतही होते.

मला या विषयात सगळ्यात विचित्र वाटते ती शांतता. इतकी माणसं मेली, आणि पुढची कित्येक दशकं आयरिश साहित्यात दुष्काळ जवळपास नाहीच. मोठी, थेट कादंबरी म्हणावी अशी लियम ओ'फ्लॅहर्टीची, ती आली १९३७ मध्ये! पॅट्रिक कॅव्हानाने १९४२ मध्ये दीर्घ कविता लिहिली, तिचं नाव 'द ग्रेट हंगर'. उघडून पाहावं तर ती १८४७ ची नाहीच. मोनाहनमधला एक शेतकरी, आई नव्वदी पार करेपर्यंत तिच्या धाकात, लग्न नाही, बाईचा स्पर्श नाही, धर्मगुरूची भीती आणि चिखल. भूक आहे, पण पोटाची नाही. कॅव्हाना स्वतः तसल्याच शेतावर राबलेला, म्हणून त्यात गावाकडच्या साध्याभोळ्या जीवनाचं कौतुक औषधालाही नाही. मुलखाचा कणा म्हणून मिरवलेल्या आयरिश शेतकऱ्याचं इतकं कडू चित्र तोवर कोणी काढलं नव्हतं.

शांततेमागे लाजही असावी. १९४५ मध्ये, दुष्काळाला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथल्या लोकसाहित्य आयोगाने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यात हाकललेल्या कुळाची जमीन शेजाऱ्यानेच कशी लाटली याच्या गोष्टी येतात. सूपसाठी धर्म बदलणाऱ्या घरांना पडलेलं 'सूपर' हे नाव तर पिढ्यान्‌पिढ्या पुसलं गेलं नाही. मेलेल्यांच्या जमिनीवर जगलेल्यांची घरं उभी राहिली, मग कोण कशाला बोलेल?

दर्यावर्दी

कॉर्क काउंटीत नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडी भर.

रानजाईताई, त्या चॉक्टॉ मदतीचं स्मारक इथे मिडलटन गावात आहे. स्टीलची नऊ मोठी पिसं, वर्तुळात उभी, वाटीसारखी. बागेत पोरं खेळत असतात. आता याच मिडलटनची दुसरी ओळख ऐका. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारा डायर याच गावच्या मिडलटन कॉलेजात शिकला. आणि त्याची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओ'ड्वायर टिपररीचा, अस्सल आयरिश कॅथलिक घरातला.

'तेही आपल्यासारखेच' हे वाक्य इथेच अडतं. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक शिपाई आयरिश होते. घरी जमीन नाही, मग लाल डगला घालायचा आणि दुसऱ्याची जमीन जिंकून द्यायची. मराठी माणसाने तर विसरूच नये: जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला ज्याने हरवलं, तो आर्थर वेलस्ली डब्लिनचा जन्माचा. तो अर्थात जमीनदार वर्गातला, कुळांतला नव्हे.

उलट बाजूचंही सांगतो. जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने बंदुका खाली ठेवल्या. घरून पत्रं येत होती, 'ब्लॅक अँड टॅन्स' (इंग्रजांचे जादा भरती केलेले पोलीस) आयर्लंडात गावं जाळतायत, आणि आपण इथे तेच करतोय. सोलनला काहींनी शस्त्रागारावर चाल केली, त्यात दोघे मेले. जेम्स डेली या तरुण शिपायाला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. त्याचा देह आयर्लंडला परत गेला तो थेट १९७० मध्ये.

पार्ल्याचा_म्हातारा

दर्यावर्दी, असईचा उल्लेख केलात, बरं वाटलं. बेळगावचा राहिला, तो मी करतो.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनच्या टपाल कचेरीसमोर पॅट्रिक पिअर्सने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. नाव, मागणी, सनदशीर मार्ग, सगळं आयर्लंडवरून घेतलेलं. केळकरांनी तर त्याआधीच मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला होता. आणि गंमत पाहा, आपण ज्या घटकेला होमरूल हा शब्द उचलला त्याच घटकेला तो तिकडे मरत होता. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत होमरूलवाल्या जुन्या पक्षाला १०५ पैकी सहा जागा. पूर्ण स्वातंत्र्यवाल्या सिन फेन पक्षाला ७३.

त्याआधीही ये-जा होतीच. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष होता आल्फ्रेड वेब, डब्लिनचा क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) आणि पार्लमेंटातला आयरिश सभासद.

बहिष्काराचं हत्यार तिकडचंच. मेयो काउंटीत लॉर्ड अर्नचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट. १८८० मध्ये कुळांनी ठरवलं: मारायचं नाही, जाळायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं नाही. गडी गेले, धोबी गेला, दुकानदार माल देईना, टपाल्या येईना. पीक शेतात उभं. शेवटी उत्तरेतून पन्नास प्रॉटेस्टंट मजूर आणले, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई आणि पोलीस. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च आला म्हणतात. साहेब त्याच हिवाळ्यात देश सोडून गेला.

ही सगळी चळवळ उभी केली मायकेल डेव्हिटने. त्याचं कुटुंब दुष्काळानंतर घरातून हाकललेलं. पोटासाठी लँकशायरला गेले, तिथे गिरणीत अकराव्या वर्षी याचा उजवा हात गेला. गेला म्हणून लिहा-वाचायला वेळ मिळाला. मला पिअर्सपेक्षा हा माणूस मोठा वाटतो. कविता केल्या नाहीत म्हणून मागे पडला बिचारा.

हिंगाचा_खडा

काका रॉक्स! रच्याकने (जाता जाता), आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात येऊनही गेले. आता म्हणा आपलं काही नातं नाही.

खडूस_मास्तर

खड्या, ते येणारच होतं धाग्यात, मी फक्त कोण टाकतं याची वाट बघत होतो.

मधली_सुट्टी

वा, काका आणि दर्यावर्दी, जियो. आता माझ्या मूळ मुद्द्याकडे.

१९१६ चं बंड कवींचं होतं हे खरंच आहे. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांत पिअर्स, मॅकडॉना आणि प्लंकेट हे तीन कवी. सहा दिवसांत बंड मोडलं. पकडलेल्यांना नेताना डब्लिनच्या काही बायकांनी शिव्या घातल्या, कारण त्यांचे नवरे-मुलगे फ्रान्सच्या खंदकात इंग्रजांकडून लढत होते आणि गावाचा मधला भाग राख झाला होता. आठवड्यात सुमारे ४८५ माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक, चाळीसेक तर लहान मुलं. मग इंग्रजांनी ३ मे ते १२ मे असे पुरवून पुरवून बंडवाले गोळ्या घालून मारले. प्लंकेटचं तुरुंगाच्या चॅपेलमध्ये आदल्या रात्री लग्न लागलं. बंडाचा जखमी पुढारी कॉनॉली, त्याला उभं राहता येईना म्हणून खुर्चीत बसवून मारलं. आणि देश फिरला.

कवी येट्सने त्याच सप्टेंबरात कविता लिहिली. हे लोक त्याच्या ओळखीचे, काही नावडते. कवितेत तो त्यांना नमस्कार करतो, पण मध्येच विचारतो की हे मरण गरजेचं होतं का, इंग्लंडने कदाचित शब्द पाळलाही असता. एका लक्ष्यावर फार काळ खिळलेलं काळीज दगड होतं, असंही म्हणतो. गोळ्यांचा वास अजून गेला नव्हता तेव्हा हे लिहिलंय.

त्याहून जबर शॉन ओ'केसी. डब्लिनच्या चाळीत वाढलेला मजूर, कॉनॉलीच्या नागरी सेनेचा एके काळचा चिटणीस. १९२६ मध्ये, बंडाला दहा वर्षं होताना, ॲबे थिएटरात त्याचं 'द प्लाऊ अँड द स्टार्स' आलं. दुसरा अंक दारूच्या गुत्त्यात. आत गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून कुरकुरणारी वेश्या, आणि खिडकीबाहेर वक्ता रक्तसांडण्याची थोरवी गातोय. त्याच्या तोंडी शब्द पिअर्सचेच. पुढे बंड पेटतं तेव्हा चाळकरी दुकानं लुटतात, आणि नवरा लढायला गेलेली नोरा वेडी होते. चौथ्या रात्री थिएटरात दंगा झाला. दंगा करणाऱ्यांत शहिदांच्या घरच्या बायका होत्या. हॅना शीही-स्केफिंग्टन होती, जिच्या शांततावादी नवऱ्याला त्याच आठवड्यात एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चौकशीविना मारलं होतं. तिचा राग मला खोटा वाटत नाही. पण नाटकही खोटं नाही. दोन्ही बाजूंना किंमत मोजलेली माणसं होती म्हणूनच ती रात्र महत्त्वाची.

आणि फ्रँक ओ'कॉनरची कथा, 'गेस्ट्स ऑफ द नेशन', १९३१. हा स्वतः १९२२-२३ च्या आयरिश यादवी युद्धात बंडखोरांकडून होता, कैद भोगलेला. कथेत दोन इंग्रज कैदी एका म्हातारीच्या झोपडीत आयरिश पोरांच्या पहाऱ्यात आहेत. रोज रात्री पत्ते, देवधर्मावर वाद, एक कैदी म्हातारीला लाकडं फोडून देतो. मग हुकूम येतो: तिकडे आपली माणसं मारली, यांना दलदलीत नेऊन मारा. बाकी वाचा. यात इंग्रज दुष्ट नाहीत, आयरिश दुष्ट नाहीत. म्हणून ती जास्त बोचते.

पार्ल्याचा_म्हातारा

दंडवत. ओ'कॉनर कॉलेजात वाचला होता, आता परत काढतो.

सोनचाफा

आतापर्यंत सगळ्या धाग्यात बायका एकतर वेड्या होतायत, नाहीतर शिव्या घालतायत, म्हणून मध्ये पडते.

१९१६ चा जाहीरनामा 'आयर्लंडच्या पुरुषांनो आणि स्त्रियांनो' असा सुरू होतो. त्या काळासाठी मोठीच गोष्ट. काँस्टन्स मार्कीव्हिच हातात बंदूक घेऊन लढली, १९१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली (गेली नाही, पक्षाचा बहिष्कार होता), आणि १९१९ मध्ये आयरिश मंत्रिमंडळात मंत्री झाली. आणि मग १९३७ ची राज्यघटना. आपण ज्या घटनेतून मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, तीच. तिच्यात कलम ४१.२ म्हणतं की स्त्रीच्या घरातल्या जीवनामुळे राष्ट्राला आधार मिळतो. मार्च २०२४ मध्ये ते बदलायला सार्वमत घेतलं, ते पडलं. कलम अजून तसंच आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या आयर्लंडने लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींना मॅग्डालेन धोबीखान्यांत कोंडलं. नन चालवायच्या, पगार नाही, सरकारी कपडेही तिथे धुवायला जायचे. शेवटचा बंद झाला १९९६ मध्ये. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. क्लेअर कीगनची छोटी कादंबरी 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' यावरच आहे. नायक कोळसा विकणारा साधा माणूस, १९८५ चा नाताळ, आणि गावातल्या प्रत्येकाला सगळं माहीत आहे, हीच तिची भीती. मधली_सुट्टी, तुमच्या उलटतपासणीत हे आधी यायला हवं. इथे इंग्रज कुठेच नाही.

आणि बेळगावची सविता हलप्पनवार. २०१२ मध्ये गॅलवेत गर्भपात होत असताना वेळेवर गर्भ काढला नाही, कारण ठोके चालू होते. जंतुसंसर्गाने गेली. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांनी गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम काढून टाकलं, तेव्हा डब्लिनमध्ये तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. काकांच्या बेळगावला हा दुसरा धागा.

रानजाई

+१००. शेवटचा परिच्छेद वाचून गप्प बसले.

दर्यावर्दी

सोनचाफाताई म्हणतात ते 'सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोललं नाही' यादवी युद्धालाही लागू आहे. जून १९२२ ते मे १९२३. डिसेंबर १९२१ च्या तहाने उत्तरेचे सहा जिल्हे इंग्रजांकडे राहिले आणि राजाशी इमानाची शपथ आली. कालपर्यंत एका खंदकातले लोक फुटले. मायकेल कॉलिन्स एकतिसाव्या वर्षी, याच आमच्या कॉर्क काउंटीत, आपल्याच माणसांच्या गोळीने मेला. नव्या आयरिश सरकारने ७७ आयरिश बंडखोरांना मृत्युदंड दिला. इंग्रजांनी आधीच्या लढाईत २४ जणांना दिला होता. तहाच्या विरोधातल्या अर्स्किन चिल्डर्सला मारलं, त्याचं अपील कोर्टात पडून असताना. मरण्याआधी त्याने सोळा वर्षांच्या मुलाकडून वचन घेतलं की माझ्या शिक्षेला जबाबदार असलेल्या प्रत्येकाशी तू हात मिळवशील. तो मुलगा १९७३ मध्ये देशाचा राष्ट्रपती झाला.

या काळाबद्दल घरात बोलायची पद्धत नाही. सरकारने १९४७ पासून दहा वर्षं लढवय्यांच्या साक्षी लिहून घेतल्या, १,७७३ साक्षी. त्याही १९१३ ते १९२१ एवढ्याच काळाच्या, म्हणजे यादवी युद्ध सुरू होण्याआधी थांबणाऱ्या! मग कपाटात बंद. सगळे साक्षीदार मरेपर्यंत थांबले आणि २००३ मध्ये उघडल्या. आता ऑनलाइन कोणीही वाचू शकतं. सरकार गप्प होतं तेव्हा ओ'कॉनरसारखे लोक लिहीत होते, हा तुमचा मुद्दा इथे पटतो.

खडूस_मास्तर

मला अजून पटत नाही, आणि का ते सांगतो.

टिकलेलं साहित्य उलटतपासणीचं आहे, हे आपण वाचनालयातून ठरवतोय. तिथे रग्बीचा किंवा फुटबॉलचा सामना असेल तर हजारो माणसं काय गातात? ओ'केसीचा अंक नव्हे. 'फील्ड्स ऑफ ॲथेनराय' गातात. ट्रेव्हेल्यनचा मका चोरला म्हणून बोटीत घालून पाठवलेल्या नवऱ्याचं गाणं. लिहिलंय १९७० च्या दशकाच्या शेवटी, पण लोकांना ते दुष्काळातलंच वाटतं. आयरिश असणं म्हणजे काय, हे त्या गाण्यातून ठरतं. इंग्रजांच्या तुरुंगात कोण किती दिवस उपाशी राहिलं त्यातून ठरतं. कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२० मध्ये ७४ दिवसांच्या उपोषणाने मेला. आपल्या जतीन दासांनी लाहोरला ६३ दिवसांनी देह ठेवला तेव्हा मॅक्स्विनीच्या घरच्यांची तार आली होती. चितगावच्या शस्त्रागारावर सूर्य सेनांनी हल्ला केला तो १८ एप्रिल १९३० रोजी, गुड फ्रायडेला, डब्लिनचं बंड डोळ्यांसमोर ठेवून. चितगावच्या पोरांना येट्सची शंका पोचली नव्हती, पिअर्सची खात्री पोचली होती. आणि १९८१ मध्ये बॉबी सँड्स उत्तरेतल्या तुरुंगात ६६ व्या दिवशी मेला, तेव्हाही तीच खात्री कामाला आली.

येट्सला हे कळत होतं. म्हातारपणी त्याने स्वतःलाच विचारलं, माझ्या त्या नाटकामुळे तर काही माणसं इंग्रजांच्या गोळ्यांपुढे गेली नसतील? 'कॅथलीन नी हूलिहान'बद्दल बोलत होता, १९०२ चं. म्हातारी (म्हणजे आयर्लंडच) दारात येते, चार हिरवी शेतं गेली म्हणून रडते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगा तिच्यामागे मरायला निघतो. मॉड गॉनने म्हातारी केली होती, प्रेक्षक वेडे झाले होते. उलटतपासणी घेणारा आणि आग लावणारा एकच माणूस होता. तुम्ही त्याचा अर्धाच हिशेब धरताय.

मधली_सुट्टी

मास्तर, हा खरा फटका. 'कॅथलीन' मी मुद्दाम टाळलं होतं असं नाही, पण ते माझ्या बाजूने बसत नाही हे उघड आहे. तरी एक विचारतो. पिअर्सने त्या म्हातारीचं ऐकून पुढे काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पण ओ'केसीच्या दंग्याच्या रात्री रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना 'तुम्ही पुन्हा स्वतःची अब्रू घालवलीत' असं कोणी सुनावलं? त्याच येट्सने. तो ॲबेचा चालक होता, नाटक बंद करू शकला असता. पोलीस बोलावले आणि प्रयोग पूर्ण केला.

खडूस_मास्तर

पोलीस कोणाचे, तर नव्या आयरिश सरकारचे. आणि ॲबेला त्याच सरकारचं अनुदान आदल्या वर्षापासून चालू झालेलं. शंका घ्यायलाही सरकारी पैसा लागतो, हे लिहून ठेवा.

हिंगाचा_खडा

भांडा निवांत. पण माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? जॉइस उघडला होता एकदा, तीन पानांत झोपलो.

मधली_सुट्टी

जॉइस राहू दे. आधी ओ'कॉनरची कथा, एका बैठकीत होते. मग कीगन, शंभरेक पानं. ओ'केसीचं नाटक वाचण्यापेक्षा बघायला मिळालं तर बघ, चाळीतली भाषा कानांनी जास्त कळते. दुष्काळाचं पुस्तक शेवटी घे.

दर्यावर्दी

आणि उत्तर आयर्लंड पूर्ण राहिलंय. १९७२ चा डेरीचा रविवार (ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या तो), हीनीच्या कविता, ॲना बर्न्सची 'मिल्कमन', १९९८ चा शांतता करार. इथे कोंबू नका, वेगळा धागा काढा. मी बेलफास्टच्या भिंतींचे फोटो टाकतो.

पार्ल्याचा_म्हातारा

काढाच. आणि मास्तरांना पहिल्या प्रतिसादाला बोलवा, म्हणजे शंभरी नक्की.